साडेसात महिन्यांचा कायदा

२८ जुलै १९८१ रोजी बिहार विधिमंडळाचे अधिवेशन आटोपले. दुसऱ्या दिवशी, २९ जुलैला, पाटण्याच्या सचिवालयातून एक परिपत्रक सुटले. संसदीय कार्य विभागाच्या विशेष सचिवांनी ते सगळ्या खात्यांच्या आयुक्तांना, सचिवांना आणि विभागप्रमुखांना पाठवले होते. आशय असा: अधिवेशन संस्थगित झाले आहे. जारी असलेले वटहुकूम, अधिवेशन भरल्यापासून सहा आठवडे झाले की आपोआप संपतील. तेव्हा प्रत्येक खात्याने ताबडतोब विधी विभागाशी संपर्क साधून आपापले वटहुकूम ११ ऑगस्टच्या आत पुन्हा जारी होतील असे पाहावे. या कामाला सर्वोच्च प्राधान्य द्यावे. जाता जाता एक खुलासाही होता. जुन्या वटहुकमात काही फेरफार नसेल, तो जसाच्या तसा काढायचा असेल, तर मंत्रिमंडळाची मान्यता घेण्याचे कारण नाही.

सरकारी नोकरीत हयात गेलेल्या माणसाला यात काही वावगे दिसणार नाही. दुकानाच्या परवान्याची मुदत भरत आली की असे पत्र येतेच. इथे ते कायद्यांसाठी निघाले होते, एवढाच फरक. राज्यावर कुठले संकट कोसळले आहे, कुठला वटहुकूम अजून गरजेचा आहे, कुठला नाही, याचा परिपत्रकात उल्लेखही नाही. एक तारीख आहे आणि ती चुकवायची नाही अशी ताकीद आहे. कालपर्यंत दोन्ही सभागृहांचे सदस्य पाटण्यातच होते. तेव्हा हे कायदे त्यांच्यापुढे का नेले नाहीत, हा प्रश्न पत्र लिहिणाऱ्याला पडलेला नाही आणि पत्र वाचणाऱ्यांनाही पडला असेल असे वाटत नाही.

शाळेच्या नागरिकशास्त्रात विधेयकाचा कायदा कसा होतो हे आपण सगळ्यांनीच पाठ केलेले असते. मसुदा, पहिले वाचन, दुसरे वाचन, कलमवार चर्चा, हवी तर चिकित्सा समिती, तिसरे वाचन, मग दुसरे सभागृह आणि शेवटी सही. वटहुकूम त्याच पुस्तकात दोन ओळींत उरकलेला असतो: विधिमंडळ भरलेले नसताना तातडी उद्भवली तर राज्यपाल काढतात. त्या दोन ओळी घटनेच्या २१३व्या कलमातून आल्या आहेत. (राष्ट्रपतींसाठी तेच १२३व्या कलमात आहे.) वटहुकमाला कायद्याचेच बळ असते. मात्र विधिमंडळ पुन्हा भरले की तो सभागृहापुढे ठेवावा लागतो, आणि भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही तर तो संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. म्हणजे सहा महिने आणि वर सहा आठवडे. घटनेने वटहुकमाला दिलेले आयुष्य फार तर साडेसात महिन्यांचे.

बिहारमध्ये १३ जानेवारी १९६८ रोजी उसाच्या पुरवठ्याचे आणि खरेदीचे नियमन करणारा एक वटहुकूम निघाला. तो १३ वर्षे ११ महिने १९ दिवस जगला.

घटना लिहिणाऱ्यांना या अधिकाराचा धोका ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. १९४९ च्या मे महिन्यात घटना समितीत या कलमावर वाद झाला. ब्रिटिशांचे वटहुकूम सोसून, त्यापायी तुरुंगात जाऊन आलेली माणसे त्या सभागृहात बसली होती. के. टी. शहांनी या अधिकारावरच हल्ला चढवला. पंडित हृदयनाथ कुंझरूंचा आग्रह होता की वटहुकमाची मुदत आखूड असावी आणि संसदेला लवकर बोलवावे. डॉ. आंबेडकरांनी कलमाची बाजू घेतली. संसद चालू नसताना असा काही प्रसंग आला की ज्याला हाताशी असलेला कायदा पुरत नाही, तर सरकारने करायचे काय, हा त्यांचा मुद्दा होता. ब्रिटिश अमदानीत गव्हर्नर जनरलला कायदेमंडळाला बाजूला सारून हुकूम काढता येत असे. तसला अधिकार इथे नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. मुदतीची तरतूद होतीच. एक वटहुकूम संपला की दुसऱ्या दिवशी त्याच शब्दांत दुसरा काढता येईल का, हे मात्र कलमात कुठे लिहिलेले नाही. येईल असेही नाही आणि येणार नाही असेही नाही. बिहारचे सगळे प्रकरण या न लिहिलेल्या ओळीत मावते.

पहिला इशारा लोकसभेच्या अध्यक्षांकडून आला होता. दादासाहेब मावळणकरांनी १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये पत्रे लिहून सरकारला बजावले की वटहुकूम काढणे हे मुळातच लोकशाहीला धरून नाही आणि वेळ नाही म्हणून तो काढणे तर त्याहून वाईट पायंडा. अध्यक्षाच्या खुर्चीतला माणूस पंतप्रधानांना असे लिहीत होता आणि पंतप्रधान त्याला सविस्तर उत्तर देत होते, हे आज वाचताना नवल वाटते. वटहुकूम निघत राहिले ते निराळे. १९६९ च्या जुलैत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा संसदेचे अधिवेशन दोन दिवसांवर आले होते. तरीही वटहुकूम निघालाच.

पण दिल्लीत जे अधूनमधून होत होते त्याची पाटण्यात कार्यपद्धती झाली.

तिची सुरुवात समजण्यासारखी आहे. १९६७ च्या निवडणुकीत बिहारमध्ये काँग्रेसची सत्ता गेली आणि महामायाप्रसाद सिन्हांचे संयुक्त सरकार आले. ते वर्षभरही टिकले नाही. पुढच्या चार वर्षांत मुख्यमंत्री इतक्या भराभर बदलले की एकाची कारकीर्द दिवसांत मोजावी लागते. तीनदा राष्ट्रपती राजवट आली. भोला पासवान शास्त्री तीन वेळा मुख्यमंत्री झाले आणि तीनही वेळा अल्पावधीत पायउतार झाले. बहुमत आज आहे, उद्या नाही, अशा सरकारला विधेयक सभागृहात नेण्याची भीती वाटणारच. एखाद्या कलमावर मतदान झाले आणि चार आमदार फुटले तर कायदाही गेला आणि सरकारही गेले. त्यापेक्षा राजभवनाकडून सही आणणे सोपे. उसाचा तो वटहुकूम याच काळातला, महामायाप्रसादांचे सरकार पडण्याच्या दोन आठवडे आधीचा.

एवढेच असते तर अस्थिर काळाची लाचारी म्हणून ते सोडून देता आले असते. परंतु १९७२ नंतर बिहारमध्ये बऱ्यापैकी बहुमताची सरकारे आली. काँग्रेसची आली, १९७७ ला जनता पक्षाचे आले, १९८० ला पुन्हा काँग्रेस आली. वटहुकूम थांबले नाहीत, उलट वाढले. लाचारी सरून सोय उरली होती. अधिवेशन थोडे दिवस चालायचे. अर्थसंकल्प आणि नडीची चार विधेयके मंजूर व्हायची. मग ते संस्थगित व्हायचे आणि सगळे वटहुकूम गठ्ठ्याने पुन्हा राजपत्रात यायचे. एकेका दिवशी पन्नासच्या आसपास वटहुकूम निघाल्याचे दाखले आहेत. राज्यपालांनी त्या पन्नासांतला प्रत्येक वाचून, ‘तातडीने कृती करण्यासारखी परिस्थिती उद्भवली आहे’ अशी स्वतःची खात्री करून घेतली, असे घटना समजत होती.

दिल्लीला हे माहीत नव्हते म्हणावे तर तेही खरे नाही. काही विषयांवरचे वटहुकूम काढण्याआधी राज्यपालांना राष्ट्रपतींची पूर्वसंमती घ्यावी लागते. बिहारचे ६९ वटहुकूम अशी संमती घेऊन पुन्हा पुन्हा जिवंत ठेवले गेले होते. तिथल्याही कोणत्या तरी टेबलावर तोच कागद दर काही महिन्यांनी येत होता आणि पुढे सरकत होता.

१९७३ ते १९७६ या काळात पाटण्याच्या राजभवनात आपल्या मुंबईचे रा. धों. भंडारे होते. आंबेडकरी चळवळीतून आलेले, पुढे काँग्रेसचे खासदार झालेले. १८ मार्च १९७४ ला विधिमंडळाचे अधिवेशन त्यांच्या अभिभाषणाने सुरू व्हायचे होते. ते होऊ नये म्हणून विद्यार्थ्यांनी विधानसभेला घेराव घातला. तिथून जे पेटले त्याचे नेतृत्व जयप्रकाश नारायणांनी घेतले आणि विधानसभा बरखास्त करा ही मागणी बिहारभर दुमदुमली. त्या आंदोलनाविषयी इतके लिहिले गेले आहे, पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. ज्या विधानसभेच्या बरखास्तीसाठी पाटण्याच्या रस्त्यावर लाठ्या खाल्ल्या जात होत्या, तिच्यावाचून बिहारमध्ये कायदे करण्याचे काम आधीपासूनच सुरळीत चालू होते.

हे सगळे जगापुढे आणले ते पुण्यातल्या एका अर्थशास्त्रज्ञाने. डॉ. डी. सी. वाधवा गोखले अर्थशास्त्र संस्थेत प्राध्यापक होते. जमिनीचे कायदे हा त्यांचा विषय. १७९३ पासून १९६६ पर्यंतच्या भारतातल्या शेतजमिनीच्या कायद्यांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ संस्थेने १९७३ मध्ये काढला होता. असल्या कामात माणसाला राजपत्रे चाळावी लागतात, आणि तीही एखादा अंक काढून नव्हे तर ओळीने, वर्षामागून वर्षे. बिहारमधल्या जमीनधारणेचा अभ्यास करताना त्यांना दिसले की एकच वटहुकूम नवा क्रमांक लावून परत परत येतो आहे. शब्द तेच, कलमे तीच.

वाधवांच्या कामाची खुबी इथे आहे. यातला एकेक वटहुकूम सुटा घेतला तर तो कायदेशीरच दिसतो. अधिवेशन चालू नाही, राज्यपालांची सही आहे, राजपत्रात छापला आहे, मुदत पाळली आहे. वकिलाच्या हाती तो एकटा दिला तर त्याला बोट ठेवायला जागा सापडायची नाही. लबाडी दिसते ती सगळे ओळीने मांडल्यावर. आणि ओळीने मांडण्याचे काम ना विरोधी पक्षाने केले, ना वर्तमानपत्रांनी, ना पाटण्याच्या बारने. विधिमंडळाच्या सदस्यांचा हक्क रोज डावलला जात होता. त्यांनाही ते सुचले नाही, किंवा सुचून जड गेले. जो पक्ष आज विरोधात होता तो काल सत्तेत असताना हेच करत होता आणि उद्या सत्तेत आल्यावर करणार होता.

वाधवांनी १९६७ ते १९८१ या काळाचा ताळेबंद मांडला. विधिमंडळाने केलेले कायदे दोनशेच्या आत भरले. वटहुकूम, पुन्हा पुन्हा काढलेले धरून, दोन हजारांच्या घरात गेले. मूळ वटहुकूम मोजले तर २५६, आणि त्या प्रत्येकाचे आयुष्य त्यांनी काढून ठेवले. ५९ वटहुकूम वर्षभराच्या आत संपले. ५१ एक ते दोन वर्षे चालले, ४५ दोन ते तीन वर्षे. पुढच्या तीन वर्षांच्या प्रत्येक रकान्यात २१. सहा वर्षांहून जास्त जगलेले ३८ निघाले आणि त्यातले ११ दहा वर्षांहून जुने. पंचायत राज कायद्यात दुरुस्ती करणारा वटहुकूम ऑगस्ट १९७० चा, वर्षे ११. हिंदू धार्मिक न्यासांचा सप्टेंबर १९७० चा, तोही ११ वर्षांचा. यादीच्या शेंड्यावर तो ऊस.

त्या उसाकडे जरा नीट पाहावे, कारण महाराष्ट्रात तरी ऊस म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. कोणत्या गावचा ऊस कोणत्या कारखान्याने उचलायचा, खरेदी कशी व्हायची, पैसे कसे चुकते करायचे, हे सगळे कायद्यानेच ठरते. उत्तर बिहारमधल्या शेतकऱ्याने या १४ वर्षांत ज्या कायद्याखाली ऊस घातला त्या कायद्यावर त्याच्या आमदाराला एक उपसूचना मांडता आली नाही. कायद्यात काही चांगले असेल, काही वाईट असेल. चर्चाच झाली नाही तर ते कळणार कसे? एकच गोष्ट नक्की. तातडी हे वटहुकमाचे कारण असेल, तर बिहारच्या उसाची तातडी १९६८ ते १९८१ अखंड चालू होती. त्या विषयावर रीतसर कायदा झाला तो १९८१ चा म्हणून ओळखला जातो.

वाधवांचा हा अभ्यास १९८३ मध्ये पुस्तकरूपाने आला. वटहुकूम पुन्हा पुन्हा काढणे ही घटनेशी केलेली प्रतारणा आहे असे त्यांनी पुस्तकाच्या नावातच म्हणून टाकले. संशोधक एरवी इतके रोखठोक शीर्षक देत नाहीत. ज्या गोखले संस्थेत हे काम झाले ती भारत सेवक समाजाची, आणि १९४९ मध्ये वटहुकमाची मुदत आखूड करा म्हणणारे कुंझरू हे त्या समाजाचे कित्येक वर्षे अध्यक्ष होते. ते १९७८ मध्ये वारले. हे पुस्तक त्यांना पाहायला मिळाले असते तर काय म्हणाले असते, हा विचार मनात येतो खरा.

पुस्तक लिहून वाधवा थांबले नाहीत. १९८४ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. बरोबर बिहारचे तिघे होते, आणि त्यांची निवड चांगलीच विचारपूर्वक झालेली दिसते. एक वनोपज विकणारा रयत, ज्याच्या विक्रीवर वनोपज व्यापाराच्या वटहुकमाने बंधने आणली होती. एक पाटण्यातला इंटरमीजिएटचा विद्यार्थी, ज्याचा अभ्यासक्रम इंटरमीजिएट शिक्षण परिषदेच्या वटहुकमावर अवलंबून होता. आणि एक विटांचा उत्पादक, कारण विटांच्या पुरवठ्यावरही वटहुकूम होता. जंगल, कॉलेज आणि वीटभट्टी. एवढ्या तिघांत बिहारचे रोजचे जगणे आले.

सरकारची पहिली ढाल अपेक्षेप्रमाणेच होती: पुण्याचा हा प्राध्यापक बाहेरचा माणूस, त्याचा यात संबंध काय? आव्हान दिलेले दोन वटहुकूम आता संपून त्यांचे कायदे झाले आहेत, तिसऱ्याचे विधेयक समितीपुढे आहे, मग वाद उरला कुठे? आणि राज्यपालांची खात्री झाली होती की नाही हे तपासायचा अधिकार न्यायालयाला नाही. पहिल्या मुद्द्याला न्यायालयाने दिलेले उत्तर मला सगळ्या निकालात महत्त्वाचे वाटते. घटनेने घालून दिलेल्या रीतीनेच केलेल्या कायद्याखाली आपल्यावर राज्य व्हावे, असा आग्रह धरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. म्हणजे कायद्यातला मजकूर मला छळत नसला तरी तो कसा केला गेला हे विचारायला मी मोकळा आहे.

निकाल लागला २० डिसेंबर १९८६ रोजी. सरन्यायाधीश प्रफुल्लचंद्र भगवती त्याच दिवशी निवृत्त होत होते. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्याच्या वायुगळतीवरचा प्रसिद्ध निकालही त्याच दिवशीचा. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितले की सरकारने विधिमंडळाची जागा घेणे, आणि तेही सवय म्हणून घेणे, ही घटनेशी केलेली लबाडी आहे. वटहुकूमराज चालू देता येणार नाही. २९ जुलैचे ते परिपत्रक न्यायालयाने निकालपत्रात घेतले आहे. सरकारच्या विरुद्ध सर्वांत बोलका पुरावा सरकारनेच टंकलिखित करून वाटला होता.

हातात काय पडले? शिक्षण परिषदेचा तेवढा वटहुकूम रद्द झाला. बाकीचे इतिहासात जमा होते. वाधवांनी केलेल्या प्रचंड संशोधनाची दखल घेऊन बिहार सरकारने खर्चापोटी १० हजार रुपये द्यावेत असा आदेश झाला. शिवाय निकालात एक फट राहिली. सभागृहापुढे कामच फार असेल, किंवा अधिवेशन फारच थोड्या दिवसांचे असेल आणि विधेयक घेता आले नसेल, तर वटहुकूम पुन्हा काढणे गैर ठरणार नाही, असे न्यायालय म्हणाले. आता अधिवेशन किती दिवसांचे ठेवायचे आणि कामकाजात काय घ्यायचे हे ठरवते कोण? सरकारच. ज्याला कुलूप लावायचे त्याच्याच हाती किल्ली राहिली.

तीन वर्षे झाली नाहीत तोच, डिसेंबर १९८९ मध्ये, बिहार सरकारने खासगी संस्कृत शाळा ताब्यात घेण्याचा वटहुकूम काढला. ४२९ शाळा होत्या. तो संपला, दुसरा निघाला, मग तिसरा. ही मालिका एप्रिल १९९२ पर्यंत चालली आणि त्यातला एकही वटहुकूम विधिमंडळापुढे ठेवला गेला नाही. वाधवा निकालाची शाई वाळली होती, पाटण्यापर्यंत तो पोचला होता, आणि तरीही. शेवटचा वटहुकूम संपल्यावर शाळांमधले शिक्षक मधल्यामध्ये लटकले. आपण सरकारी नोकर झालो होतो ते आता आहोत की नाही? ते न्यायालयात गेले.

१९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दोघांचे पीठ बसले. एक मुंबईहून गेलेल्या न्यायमूर्ती सुजाता मनोहर. दुसरे न्यायमूर्ती डी. पी. वाधवा. आडनावाचा हा योगायोग वाचणाऱ्याला हमखास गोंधळात टाकतो. दोघांची मते जुळली नाहीत. मनोहरांनी सगळीच मालिका अवैध मानली, वाधवांना पहिला वटहुकूम वैध वाटला. प्रकरण मोठ्या पीठाकडे गेले, तिथून आणखी मोठ्या पीठाकडे, आणि सात न्यायमूर्तींनी निकाल दिला तो २ जानेवारी २०१७ रोजी. सरन्यायाधीश तीरथसिंह ठाकूर दुसऱ्या दिवशी निवृत्त होणार होते. बहुमताचा निकाल धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला. वटहुकूम पुन्हा काढणे ही घटनेशी प्रतारणा आहेच. तो सभागृहापुढे ठेवणे सक्तीचे आहे, सरकारच्या मर्जीचे नाही. राज्यपालांची खात्री न्यायालय तपासू शकते. आणि संपलेल्या वटहुकमातून कायमचे हक्क आपोआप निर्माण होत नाहीत.

शेवटचे वाक्य त्या शिक्षकांच्या मुळावर आले. त्यांना मिळालेले पगार परत मागू नयेत एवढी सवलत मिळाली, नोकरी मिळाली नाही. वटहुकूम काढला सरकारने, सभागृहापुढे ठेवला नाही सरकारने, आणि २७ वर्षांनी किंमत चुकवली संस्कृतच्या मास्तरांनी. निकाल कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेलही. मला तो वाचून समाधान मिळाले नाही.

दिल्लीनेही या काळात हात आखडला नव्हता. मनमोहनसिंग सरकारने रोखेबाजारविषयक कायद्यातल्या दुरुस्तीचा वटहुकूम २०१३-१४ मध्ये तीनदा काढला. मोदी सरकारने भूसंपादनाचा वटहुकूम ३१ डिसेंबर २०१४ ला काढला आणि पुढे दोनदा नवा केला. त्यासाठी मार्च २०१५ मध्ये, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत, एकट्या राज्यसभेचे सत्र संस्थगित केले गेले. एक सभागृह भरलेले नसले तरी वटहुकूम निघू शकतो म्हणून. शत्रू-मालमत्तेचा वटहुकूम २०१६ या एका वर्षात पाच वेळा निघाला. नंतर राजधानी परिसरातल्या हवेच्या दर्जासाठी आयोग नेमणारा वटहुकूम ऑक्टोबर २०२० मध्ये निघाला, संपला आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निघाला. सात न्यायमूर्तींच्या निकालानंतरची ही गोष्ट.

राज्यांमध्ये पुढे केरळने बिहारचा कित्ता गिरवला. तिथे मात्र ऑगस्ट २०२२ मध्ये वेगळेच घडले. मुदत भरत आलेले ११ वटहुकूम सहीसाठी राजभवनात गेले तेव्हा राज्यपाल आरिफ मोहम्मद खान यांनी सही केली नाही. वाचल्याशिवाय, कारण कळल्याशिवाय सही करणार नाही म्हणाले. राज्यपाल आणि डाव्या सरकारचे हाडवैर होते, तेव्हा यात घटनाप्रेम किती आणि राजकारण किती हे ज्याने त्याने ठरवावे. ८ ऑगस्टला अकराही वटहुकूम संपले. सरकारला घाईघाईने अधिवेशन बोलवावे लागले आणि २२ ऑगस्टपासून विधेयके रीतसर सभागृहात आली.

त्यात लोकायुक्त कायद्याची दुरुस्ती होती. लोकायुक्तांचा निर्णय स्वीकारायचा की नाही हे सरकारच्या बाजूनेच ठरवता यावे, अशी वटहुकमातली तरतूद होती. विधेयक समितीकडे गेल्यावर सत्ताधारी आघाडीतल्याच भाकपच्या आग्रहाने ती बदलली. मुख्यमंत्र्यांविरुद्धच्या अहवालावर निर्णय विधानसभेने घ्यावा असे ठरले. ३० ऑगस्टला विरोधकांनी सभात्याग केला आणि विधेयक मंजूर झाले. मग राज्यपालांनी ते अडवून धरले, पुढे राष्ट्रपतींकडे पाठवले, आणि राष्ट्रपतींची संमती मिळाली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये.